गिरण मुकी झाली

केंदुरात आमच्या गाडीला कोणी गाडी म्हणत नाही, गिरण म्हणतात. "गिरण आली", "गिरण गेली", "गिरण आज दौंडला गेली जणू". नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण ठेवणाऱ्याचे कान शाबूत होते. जुनी डिझेल गाडी. मूळचा रंग पांढरा, आताचा ज्याला जो दिसेल तो. किलोमीटरचा आकडा तीन लाखांच्या पुढं कुठंतरी दमून थांबला, गाडी मात्र थांबली नाही. ती ओढ्यावरच्या पुलावर आली की तिची खडखड आमच्या वस्तीवर पोचायची. पुलापासून दारापर्यंत सगळा चढ. तो ती दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत चढायची, आणि तेवढ्या वेळात गॅसवरच्या चहाला आधण यायचं.

आमच्या घरातलं सगळं सुख त्या चढावर उभं होतं. ते कसं, ते सांगते.

गाडी माझ्या सासऱ्यांची. नाव बबनराव, पण घरात, वस्तीत, विहारात सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. आप्पा दौंडला रेल्वेत होते, मालगाडीवर गार्ड. रिटायर होऊन गावी आले ते ही गाडी आणि रेल्वेचे सगळे नियम बरोबर घेऊन. आमच्याकडं जेवणाला टाइमटेबल आहे. चप्पल उंबऱ्याच्या डावीकडं, छत्री उजवीकडं. का, तर "नियम हाय". आमच्या कुत्र्याचं नावसुद्धा सिग्नल. भीमजयंती असो, लग्न असो, कोणी विहिरीवर नवी मोटर बसवलेली असो, आप्पा दोन शब्द बोलायला उभे राहतात आणि ते दोन शब्द पोहे गार होईपर्यंत चालतात. सुरुवात ठरलेली. घसा खाकरायचा, खिशातून रुमाल काढायचा, कपाळ टिपायचं, रुमालाची चौघडी घालून परत खिशात ठेवायची आणि म्हणायचं, "तर मुद्दा असा, की..." मुद्दा काय होता ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई सोजरबाई, आप्पांपुढं एकच शब्द बोलायच्या. "व्हय."

"मीठ कमी पडलंय." "व्हय."

"आज ऊन लई हाय." "व्हय."

"ही चप्पल उजवीकडं कुणी ठिवली? तू ठिवली?" "व्हय." ठेवलेली असायची मी, पण आत्या व्हय म्हणून मोकळ्या.

लग्न करून मी राहू गावातून इथं आले तेव्हा मला त्यांची फार कीव आली. म्हटलं, बिचारीचा उभा जन्म होकार भरण्यात गेला. कीव करता करता एक दिवस आप्पा गाडी घेऊन शिरूरला गेले. खडखड पुलापलीकडं विरली आणि शेजारच्या रंगुबाई हातातलं खुरपं टाकून आमच्याकडं आल्या. त्यांच्यामागून आणखी चार-पाच जणी. सगळ्या भिंतीला टेकून बसल्या, जागा ठरलेल्या असल्यासारख्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तर खुर्चीत आप्पा.

आप्पा नव्हते, आत्या होत्या. खुंटीवरचं आप्पांचं जाकीट अंगात, आप्पांचा जुना चष्मा नाकावर. त्यांनी घसा खाकरला. उजव्या खिशातून रुमाल काढला, कपाळ टिपलं, चौघडी घातली, ठेवला.

"तर मुद्दा असा, की," आत्या अगदी आप्पांच्या आवाजात म्हणाल्या, "रंगुबाईंच्या म्हशीनं काल दूध लेट दिलं. ह्याला जबाबदार कोन? म्हशीला टाइमटेबल दिलं होतं का न्हाई? दिलं होतं. तिनं ते वाचलं का न्हाई? न्हाई वाचलं. खाऊन टाकलं! ह्याच्यापुढं वस्तीतल्या सगळ्या म्हशींनी शिट्टी झाल्याबिगर शेपूट हलवायचं न्हाई. नियम हाय!" आणि हिरवा झेंडा दाखवावा तसं उलथणं हवेत हलवलं.

मी ओढणी तोंडात कोंबली. तांब्या कुठं ठेवला ते आठवत नाही, पण रंगुबाईंचं लुगडं भिजलं होतं. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या, आणि त्या दिवसापासून ही बाई नुसती माझी सासू राहिली नाही, माझं माणूस झाली.

असं आमचं चालायचं. आप्पा बाहेर गेले की कार्यक्रम, पुलावर गिरण वाजली की पळापळ. जाकीट खुंटीवर, चष्मा डबीत, बाया मागच्या दारानं शेतात, चहा गॅसवर. गाडी दारात येईपर्यंत आत्या पुन्हा आत्या झालेल्या. आप्पा आत येऊन म्हणायचे, "चहा तयार हाय वाटतं." "व्हय."

पण भीतीही तेवढीच होती. "माया," आत्या मला एकदा म्हणाल्या, "ह्यांना कळलं ना, तर मी पुन्यांदा कवाच असलं काय करनार न्हाई बघ. लाजंनं तोंड वर काढनार न्हाई." आणि ते त्या उगाच म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांना ओळखत होते. एकदा मिटल्या असत्या तर पुन्हा उघडल्या नसत्या.

तर या सुखात माती कालवली ती एका माइकवाल्यानं. गेल्या उन्हाळ्यात गावातल्या लग्नात त्यानं पुकारलं, "आपले गिरणवाले आप्पा आलेले आहेत. त्यांनी वधूवरांना मंगलकामना द्याव्यात." सगळा मांडव हसला. आप्पांची बिचाऱ्यांची समजूत, की लोक आपल्याला मागं गार्डसाहेब म्हणतात. त्या दिवशी त्यांचं भाषण इतकं लवकर संपलं की पोहे गरम असतानाच वाटले गेले. येताना गाडीत कोणाशी बोलले नाहीत. बोलले असते तरी त्या खडखडीत कोणाला ऐकू आलं नसतं म्हणा.

घरी आल्यावर सुमितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांचं दुःख ओळखलं. सुमित रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन म्हटलं की त्याला प्रेम येतं. बायको म्हटलं की झोप येते.

"आप्पा, किती वर्षं तेच साधं ऑइल टाकायचं?" तो म्हणाला. "आता सिंथेटिक टाकू. आमच्याकडं ज्या मशिनी बोंबलायच्या त्या आता लोण्यावानी चालत्यात. इंजिनचा आवाजच न्हाई येनार."

आवाजच नाही! आप्पांचे डोळे लकाकले. आत्यांच्या हातातली पळी आमटीत बुडाली.

मी लगेच मध्ये तोंड घातलं. "आप्पा, गाडीचं वय झालंय. म्हाताऱ्या मानसाला एकदम बदामाचा शिरा घातला तर पोट बिघडतंय."

"तर मुद्दा असा, की," आप्पा म्हणाले, "म्हाताऱ्या मानसालाच बदाम लागत्यात."

"तुझं काय जातंय?" सुमितनं मला आत येऊन विचारलं. काय जातंय ते मी त्याला सांगितलं नाही. नवऱ्याला सगळं सांगायला लागलं तर संसारात गंमत काय राहते?

सुमितनं डबा आणून दिला आणि आप्पा गाडी घेऊन शिक्रापूरला निघाले, नवनाथच्या गॅरेजवर. बाजाराचं निमित्त काढून मीही बसले. नवनाथ हा मोठा हुशार माणूस. तो कधीच चुकत नाही, कारण तो प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजूंनी बोलतो.

"जयभीम आप्पा. ह्यात एक डाव हाय बरं का," तो डबा फिरवत म्हणाला. "जुन्या इंजिनात मळ बसलेला असतोय. आन् जिथं सील झिजलेलं असतंय तिथं तो मळच बूच मारून बसतोय. सिंथेटिक काय करतंय, सगळं धुऊन काढतंय. बूच गेलं की गळती सुरू. मंग नवनाथनं गाडी बिघडवली म्हनायचं न्हाई."

माझ्या जिवात जीव आला. "बघा आप्पा, गळनार!"

"गळंलच असं न्हाई," नवनाथ लगेच फिरला. "काय गाड्या लई झ्याक चालत्यात."

"मंग नक्की काय व्हईल?" आप्पांनी विचारलं.

"दोन्ही," नवनाथ म्हणाला. "रोज रातचा गाडीखाली पुठ्ठा ठिवा. सकाळी काळा डाग दिसला तर गळती समजायची आन् जुन्याच ऑइलवर यायचं. डाग न्हाई दिसला तर मजा करायची." आप्पांना हे फार आवडलं. तपासणी म्हटलं की रेल्वेचा माणूस खुलतो.

नवनाथनं खालचा नट उघडला. जे बाहेर आलं त्याला तेल म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याच्यात थोडी खडी घातली असती तर आमच्या वस्तीचा रस्ता झाला असता. मग नवीन फिल्टर बसला, मधासारखं नवं तेल आत गेलं आणि आप्पांनी चावी फिरवली. काहीच झालं नाही. त्यांनी परत फिरवली तर बॉनेटखालून कर्रकन कोणीतरी किंचाळलं.

"आप्पा, सुरू हाय! सुरू हाय!" नवनाथ दोन्ही हात हलवत पळत आला.

खरंच सुरू होती. डिझेल गाडी काही अगदी मुकी होत नाही हे मलाही कळतं, पण जी होती ती नुसती मांजराची गुरगुर. पुलावरून वस्तीवर पोचेल असं त्यात काही उरलं नव्हतं. आप्पांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत गाडी घराकडं वळवली. आणि मी मागच्या सीटवर बसून आत्यांना फोन लावत होते. आत्यांचा फोन बाजरीच्या डब्यावर असतो आणि अंगात जाकीट असलं की आत्या कोणाचाही फोन घेत नाहीत.

पूल गेला. चढ गेला. दारातल्या सिग्नलला गाडीचा आवाज दुरून ओळखायची जन्माची सवय. तो निवांत पसरला होता. गाडीचं नाक त्याच्या नाकाशी आलं तेव्हा त्यानं एक डोळा उघडला, आणि असा ओशाळला की भुंकायचंही विसरला.

"थांबा आप्पा! सिग्नल चाकाखाली हाय!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. आत भांडं पडलं, मागचं दार वाजलं, शेतात बाया उडाल्या. आम्ही आत गेलो तेव्हा आत्या ज्वारी निवडत बसलेल्या, शहाण्यासारख्या, पण नाकावर आप्पांचा चष्मा.

"माझा चष्मा लावलास?" आप्पा म्हणाले.

"व्हय."

"डोळ्यांला दिसत न्हाई का तुझ्या?"

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आप्पा त्यांना शिक्रापूरला डोळे तपासायला घेऊन गेले. डोळे अगदी ठणठणीत निघाले. आप्पांनी तरी गाजराची जुडी आणलीच.

त्यानंतर वस्तीची झोप उडाली. आप्पा जमिनीतून उगवायला लागले. सार्वजनिक नळावर म्हैस धुऊ नये हा त्यांचा नियम. आधी गिरण वाजली की रंगुबाई म्हशीला आरामात गोठ्यात नेऊन वर भोळा चेहरा करून उभ्या राहायच्या. आता त्या म्हशीची पाठ घासत असायच्या आणि पाठीमागून आवाज यायचा, "तर मुद्दा असा, की..." एकदा म्हैसच दचकून नळ मोडून पळाली.

"पहिलं बरं व्हतं गं," रंगुबाई मला म्हणाल्या. "मानसाला खोटं वागायला टायम तरी मिळायचा. माया, कायतरी कर. गिरण चालू कर."

आमचा कार्यक्रम तर बंदच पडला. आत्या जाकिटाकडं बघायच्या सुद्धा नाहीत. आप्पा घरात नसतानाही त्या आम्हाला "व्हय" म्हणायला लागल्या. मी एकदा मुद्दाम म्हणाले, "आत्या, आज सूर्य पश्चिमेला उगवला." "व्हय," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या. त्यांच्या कालवणाची चव गेली, घराचीही गेली. मला खरंच रडू यायचं.

आता सगळी आशा पुठ्ठ्यावर होती. रोज सकाळी आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून गाडीखाली वाकायचे. त्यांच्यामागं मी, कुंपणापलीकडून रंगुबाई. पुठ्ठा कोरडा. वर्षानुवर्षं जिथं उभी राहील तिथं खूण करून जाणारी गाडी, आणि आता एक थेंब टाकील तर शपथ. पुठ्ठा इतका स्वच्छ की त्यावर पापड वाळत घालावेत.

मग माझं डोकं चाललं. माझं माहेर राहूचं. आमच्या तिकडं गुऱ्हाळं, त्यामुळं माझा भाऊ येताना काकवीची बाटली घेऊन येतो. काळी, दाट, चकचकीत. जुनं इंजिन ऑइल आणि काकवी शेजारी ठेवली तर नवनाथसुद्धा फसेल, असं मला वाटलं. पहाटे झुंजूमुंजू असताना मी बाटली घेऊन गाडीखाली सरकले. घालायचा होता एक ठिपका, पण मला मेलीला हात आखडता घेता येत नाही. वाटीभर तरी सांडली असेल.

सकाळी आप्पा वाकले आणि तसेच राहिले. "गळती!"

"अरारारा!" कुंपणापलीकडून रंगुबाई म्हणाल्या. जरा लवकरच म्हणाल्या.

आप्पांचा चेहरा इतका पडला की मला क्षणभर वाईट वाटलं. ते नवनाथला फोन करायला आत गेले. चष्मा शोधला, नंबर शोधला, नवनाथ म्हणाला गळतीच असंल किंवा नसंल, आणि आप्पा डाग नीट बघून सांगायला परत बाहेर आले. तोवर तिथं बारसं सुरू झालं होतं. मोगऱ्याच्या कुंडीपासून पुठ्ठ्यापर्यंत मुंग्यांची रांग, आणि पुठ्ठ्याच्या मधोमध सिग्नल, डोळे मिटून, अगदी समाधी लागल्यासारखा चाटत होता.

आप्पांनी कुत्र्याकडं पाहिलं. मुंग्यांकडं पाहिलं. आत्या दारात येऊन उभ्या होत्या.

"सोजर," आप्पा म्हणाले, "सिंथेटिक तेल गोड असतंय का?"

"व्हय," आत्या म्हणाल्या.

आप्पांनी खाली वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. बराच वेळ चघळलं. "राहूची हाय," ते म्हणाले. "औंदाची." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. त्यांनी मुंग्या झटकल्या, पुठ्ठ्याची घडी घातली आणि आत निघून गेले. "तर मुद्दा असा, की" आलंच नाही. तेच मला जास्त लागलं. ज्या माणसाकडं म्हशीवरही मुद्दा असतो, तो काकवीवर गप्प कसा?

दुसऱ्या दिवशी दौंडला पेन्शनर मंडळींची मीटिंग होती. "यायला संध्याकाळ व्हईल," असं म्हणून आप्पा गेले. गाडी गेली तेही कळलं नाही.

मी आत्यांपुढं जाकीट धरलं. "आत्या, आज घाला. संध्याकाळपर्यंत येत न्हाईत."

"नगं गं. कवा येतील नेम न्हाई."

"रंगुबाईंना बांधावर बसवते. तिथून पूल दिसतोय. गाडी दिसली की त्या वरडतील, म्हस सुटली म्हून."

आत्यांनी जाकिटाकडं पाहिलं. हात पुसले. इतक्या दिवसांची भूक होती, किती वेळ नाही म्हणणार? बाया जमल्या, भिंतीला टेकल्या. आत्या दाराकडं पाठ करून खुर्चीत बसल्या. घसा खाकरला. उजव्या खिशातून रुमाल, कपाळ, चौघडी.

"तर मुद्दा असा, की, सिंथेटिक तेलाला मुंग्या लागल्या! ही बाब गंभीर हाय. चौकशी समिती नेमन्यात येत हाय. समितीत मी, कुत्रं आन् मुंग्या. कुत्र्याचा अहवाल आला, गोड हाय. मुंग्यांचा अहवाल आला, लई गोड हाय. राहिलं कोन? गार्डसाहेब!" आत्यांनी बोट चाटलं, डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात चव घोळवली. "राहूची हाय. सुनंच्या म्हायेरची. आता आली का पंचाईत! सुनंवर केस करावी, तर काकवी बंद. केस न्हाई करावी, तर नियम बंद. मंग गार्डसाहेबांनी काय केलं? पुठ्ठ्याची घडी घातली, आन् लाल झेंडा दाखवून स्वताच थांबले!"

बाया जमिनीवर लोळत होत्या. सगळ्यात मोठ्यानं हसत होत्या त्या रंगुबाई, मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी काढत. मीही हसत होते, आणि हसता हसता माझ्या डोक्यात आलं, की रंगुबाई इथं आहेत तर बांधावर कोण आहे?

मी दाराकडं पाहिलं. उंबऱ्यात आप्पा उभे होते.

एकेकीचं लक्ष गेलं, एकेकीचं हसू वाटेतच थांबलं. फक्त आत्यांना काही माहीत नव्हतं. त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसत होत्या, जाकिटातले खांदे गदगदा हलत होते, चष्मा नाकावरून घसरला होता. पोरीसारख्या हसत होत्या. आणि आप्पा आमच्याकडं नव्हे, त्या खांद्यांकडं बघत होते. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं, जत्रेत नवल बघणाऱ्या माणसासारखं. हे हसू त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या येण्याआधी ते नेहमी मागच्या दारानं पळून जायचं.

आप्पांनी एक पाऊल मागं घेतलं. मग दुसरं. चप्पल आवाज न करता उचलली आणि दिसेनासे झाले. गाडी गेलेली कोणाला ऐकू आली नाही. सिंथेटिकची कमाल.

"काय गं बायांनो, हसू संपलं का?" आत्या चष्मा सावरत म्हणाल्या.

"न्हाई न्हाई, चालू द्या तुमचं," रंगुबाई म्हणाल्या आणि पदरानं तोंड झाकलं. मी सांगायला तोंड उघडलं, आणि उघडलंच आहे तर हसून घेतलं. सांगितलं असतं तर आत्या पुन्हा कधी त्या जाकिटात शिरल्या नसत्या.

तेवढ्यात पुलावरून आवाज आला. पोंऽऽऽ.

आमच्या गाडीला हॉर्न आहे हे मला त्या दिवशी कळलं. गिरणीला त्याची कधी गरजच पडली नव्हती. रेडकू हंबरावं तसा तो फाटका आवाज, लांबच लांब, पूर्ण चढभर थांबला नाही. सिग्नल ताडकन उठला आणि जन्माची नोकरी परत मिळाल्यासारखा भुंकत सुटला. आणि घरात जुनी पळापळ झाली. जाकीट खुंटीवर, चष्मा डबीत, बाया मागच्या दारानं, चहा गॅसवर.

आप्पा आत आले. चप्पल डावीकडं काढली. खुर्चीत बसले. चहाला आधण आलं होतं.

"लवकर आलात, आप्पा?" मी विचारलं.

"मीटिंगला मानसंच जमली न्हाईत."

"आन् हॉर्न कशापायी?"

आप्पांनी घसा खाकरला. "तर मुद्दा असा, की, स्टेशनात शिरायच्या आधी शिट्टी द्यावी लागती. आतली मानसं रुळावर असत्यात. नियम हाय. इतके दिवस गाडीच वराडायची, म्हून माझ्या ध्यानात आलं न्हाई. आता रोज देत जाईन."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा मुद्दा कळला. आत्यांना काही कळलं नव्हतं. त्यांनी चहा गाळला, बशीत कप ठेवला, आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी एक घोट घेतला.

"चहा झ्याक झालाय."

"व्हय."

आणखी एक घोट. मग कपात बघतच ते म्हणाले, "आन् सोजर, रुमाल मी डाव्या खिशात ठिवतो."

आत्यांच्या हातातली गाळणी थांबली. त्यांनी आधी खुंटीवरच्या जाकिटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. म्हटलं, झालं. आता ही बाई मिटली.

आत्यांनी गाळणी खाली ठेवली. पदर सारखा केला. आणि आप्पांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, "न्हाई. उजव्या."

आप्पांनी डाव्या खिशात हात घातला. रिकामा. उजव्या खिशात घातला, रुमाल बाहेर काढला. कपाळ टिपलं, चौघडी घातली आणि ती परत उजव्या खिशात ठेवली.

"व्हय," आप्पा म्हणाले.